बाजूमामा आणि पुढचं डावं चाक

ज्या माणसानं सगळा जन्म टायरची कामं करण्यात घालवला, तो माणूस टायरला घाबरायचा. हे सांगितलं की लोक हसतात, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. टायरमध्ये हवा भरायची वेळ आली की तो नळी व्हॉल्व्हला अडकवायचा, नळी पुरेल तितका लांब जायचा, भिंतीच्या आड उभा राहायचा आणि मोठ्यानं ओरडायचा, "बाजूला! बाजूला व्हा!" समोर कोणी नसलं तरी ओरडायचा. एकदा शेडमध्ये फक्त शेजारच्यांची कोंबडी होती. तिला त्यानं रस्त्यापलीकडे हाकललं आणि मगच कॉक फिरवला. त्या ओरडण्यावरून त्याचं नाव बाजूमामा पडलं आणि मुरबाडपर्यंतच्या जीपवाल्यांच्या तोंडी तेच राहिलं.

शहापूरहून मुरबाडकडे निघालं आणि किन्हवली मागे पडली की एक फाटा लागतो. तिथं भाताच्या खाचरांना लागून त्याची पत्र्याची शेड होती. मी तिथं पहिल्यांदा गेले ती हौसेनं नाही, भीतीनं.

मी तालुक्यात नर्स होते. निवृत्त झाले त्याच वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. हे शाळेत गुरुजी. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. एकुलती मुलगी घाटापलीकडे जुन्नरला दिलेली, आणि नातीला पाहिलं की यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते दुसऱ्या कशानं दिसत नव्हतं. पण एसटीत किंवा जीपमध्ये यांना अर्धा तासही बसवत नसे. शेवटी जावयानं एक जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर करून दिलं. आत पलंग, संडास, पाण्याची टाकी, लहानशी शेगडी. गाडी मी नोकरीत असताना, चाळिशीत शिकले होते. मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि दर महिन्याला यांना पलंगावर पट्ट्यांनी बांधून माळशेज घाट चढू-उतरू लागले.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला स्टीअरिंग थरथरायला लागलं. साठच्या पुढे काटा गेला की हातांना मुंग्या याव्यात तशी थरथर. शहापूरला हायवेवर एका दुकानात चाकं मशीनवर चढवून बॅलन्सिंग केलं. त्यांनी शिशाची वजनं ठोकली, कागद हातात दिला. दुसऱ्या दिवशी थरथर होती तशीच. घाट उतरताना माझ्या हातांना घाम सुटायचा आणि आरशात मागे पाहिलं की यांचे डोळे माझ्याकडे लागलेले असायचे. मुरबाडच्या स्टँडवर एका जीपवाल्यानं सांगितलं, "सिस्टर, बाजूमामाकडं न्या. वेळ लावील, पन सोडनार नाय."

मामानं गाडीला हात लावायच्या आधी मला एकच प्रश्न विचारला. "थरथर हातात येते का बुडाला?"

"हातात."

"मंग पुढची चाकं. बुडाला आली असती तं मागची." मग तो आत चढला. चढताना चपला बाहेर काढल्या, कुणाच्या घरात शिरावं तसं. आत बघून तो यांना म्हणाला, "गुरुजी, तुमी डावीकडं, पान्याची टाकी डावीकडं, संडास डावीकडं. उजवीकडं नुसती हवा भरलीय काय?" झटक्यानंतर हे पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते तेव्हा. त्या हसण्यानं माझं अर्धं ओझं उतरलं.

मामाच्या शेडच्या भिंतीत एका जुन्या ट्रकचा ॲक्सल पुरलेला होता. त्यावर तो चाक चढवायचा, एका बोटानं फिरवायचा आणि सोडून द्यायचा. चाक मागे-पुढे झुलून थांबलं की खाली आलेली बाजू जड. तिथं खडूची रेघ, आणि बरोबर समोर शिशाचं वजन. पुन्हा फिरवायचं. कुठेही सोडलं तरी चाक तिथंच थांबेपर्यंत हे चालायचं. आमच्या एका चाकाला त्यानं सकाळचे दोन तास घेतले आणि शेवटी म्हणाला, "माझ्या भिंतीवर वर-खालचं कळतं. आतल्या-बाहेरल्या अंगाचं नाय कळत. त्याला मशीन पायजे."

"मशीनवर केलं होतं की."

"केलं असंल. बसवलं कसं होतं?"

तो स्वतः माझ्याबरोबर शहापूरला आला. हायवेच्या दुकानात मशीनवाल्याच्या मागे उभा राहिला. आकडा आल्यावर म्हणाला, "आता चाक सैल कर, अर्धं फिरव आनि परत आवळ." मशीनवाला कुरकुरला, पण त्यानं केलं. आकडा बदलला. चाक तेच, मशीन तेच, आणि आकडा वेगळा. मशीनचा कोन, म्हणजे चाक मधोमध धरणारा लोखंडी शंकू, आमच्या चाकाच्या भोकात नीट बसतच नव्हता. मामानं मोठ्या गाडीचा कोन शोधून काढायला लावला, तीनदा फिरवून तीनदा तोच आकडा आल्यावरच वजनं ठोकू दिली. घरी येताना सत्तरवर काटा गेला तरी स्टीअरिंग गप्प होतं. मी रस्त्यात रडले. मामा काचेबाहेर बघत बसला.

त्याच्या भीतीचं कारण त्यानं मला एकदाच सांगितलं. तो काम शिकत होता तेव्हा ट्रकच्या चाकांना वेगळी लोखंडी रिंग असायची. ती खाचेत नीट बसली नाही आणि हवा भरली की तोफेसारखी उडायची. मामा हे काम थोरल्या भावाकडे शिकला. एके सकाळी भाऊ हवा भरत होता, मामा चहा आणायला रस्ता ओलांडत होता. आवाज ऐकून तो वळला. "भाऊ उभाच होता," मामा म्हणाला, "मला वाटलं, वाचला." पुढचं तो बोलला नाही. मी नर्स होते, पुढचं मला न सांगता कळलं. त्यानंतरही त्यानं तेच काम केलं, कारण दुसरं येत नव्हतं. पण प्रत्येक टायर त्याच्या दृष्टीनं त्या रिंगच्या जातीचा होता. रोज सकाळी शेड उघडताना त्याचे हात थोडे कापायचे. पहिल्या चाकावर तळवा टेकून तो जरा वेळ थांबायचा, मग हात स्थिर व्हायचे.

आता माझी गोष्ट. बॅलन्सिंग दोन-तीन महिने टिकायचं, मग थरथर परत यायची. मामाकडे गेलं की अख्खा दिवस जायचा आणि हे गाडीत पडून कंटाळायचे. मी मोबाइलवर शोधू लागले. एका व्हिडिओत दिसलं की मोठ्या फिरत्या घरांच्या टायरमध्ये बारीक दाणे ओततात. काचेचे, साबुदाण्याहूनही लहान. चाक फिरलं की हलक्या बाजूला ते आपोआप जाऊन बसतात. वजनं नकोत, मशीन नको. मी मामाला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो दोनदा पाहिला.

"काम करील," तो म्हणाला. "खोटं नाय ते. थरथर जाईल."

"मग टाकूया?"

"सिस्टर, तुमी तापाच्या मानसाला गोळी देता. ताप उतरतो. पन रोग कुठं हाय ते तुमी बघता का नाय?" त्यानं टायरवर तळवा ठेवला. "टायर आतून सुटाय लागला का पयला थरथरतो. त्याला तेवढंच बोलता येतं. दाने टाकले का तो गप होईल. गप टायरची मला लय भीती वाटते."

मला तेव्हा ते एका भित्र्या माणसाचं बोलणं वाटलं. भावाच्या मरणानं याला सगळीकडे मरण दिसतं, असं मी मनात म्हटलं. पुढच्या आठवड्यात कल्याणला कामाला गेले आणि तिथल्या एका दुकानात पुढच्या दोन्ही चाकांची वजनं उतरवून दाणे भरून घेतले. मामाला कळवलं नाही.

गाडी लोण्यासारखी चालली. दोन महिने एकदाही हात थरथरले नाहीत. मामाचा फाटा आला की मात्र मी नजर रस्त्यावर ठेवून वेग वाढवायची.

श्रावणात एका सकाळी मामाच रस्त्यात उभा राहिला. हात करून गाडी थांबवली. घाटापलीकडे दिलेली त्याची बहीण आजारी होती. "जुन्नरला चाललात तं मला मढला सोडा, येताना घ्या." नाही कशी म्हणणार? चढायच्या आधी त्यानं सवयीनं चारी चाकांवर तळवा ठेवला. पुढच्या डाव्या चाकापाशी तो वाकला.

"वजनं कुठं गेली?"

"आतल्या बाजूनं लावलीत," मी म्हटलं. "चिकटवायची असतात ती." माझा आवाज अगदी सरळ आला. इंजेक्शन दुखणार नाही असं पोरांना सांगायचे तसा.

"बरं," तो म्हणाला, चपला काढल्या आणि यांच्या पायथ्याशी बसला.

जाताना काही झालं नाही. तरी घाटात प्रत्येक वळणावर मला ते खोटं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मढहून मामाला घेतलं. बहिणीचा ताप उतरला होता, तो खुशीत होता. यांना तो भाताच्या वाणांची नावं विचारत होता आणि हे एकेक शब्द जुळवून उत्तर देत होते. घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं दाट झालं की वायपर फिरत असूनही पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होते. हातात काही थरथर नव्हती.

मागे मामाचं बोलणं अर्ध्यात थांबलं.

"सिस्टर, हातात काय येतंय?"

"काही नाही."

"माझ्या पायाखाली येतंय." तो उठून पुढे आला, अनवाणी पाय फळीवर टेकून माझ्या शेजारी उकिडवा बसला. "डाव्या अंगाला. धप, धप. हातात यायला पायजे. का नाय येत?"

मी वायपरचा वेग वाढवला.

"वजनं नक्की लावलीत ना?"

समोर वळण होतं आणि वळणाला दरी आमच्या बाजूला. "दाणे टाकलेत मामा. दोन महिने झाले."

मला वाटलं, तो ओरडेल. त्यानं फक्त माझ्या दंडावर हात ठेवला. "ब्रेक नको. दुसऱ्यात घे. ब्रेकवर पाय ठेवू नको गो. हळू होऊ दे तिला."

'तुमी' सोडून तो एकेरीवर आला होता आणि त्या 'गो'नं मला जास्त भीती वाटली. मी दुसऱ्यात टाकली. इंजिन ओरडलं, गाडी जड झाली. आता मलाही पायाखाली धपधप कळत होती. मागून ट्रकचा हॉर्न वाजला. मागे पलंगावर हे पट्ट्यांत बांधलेले, मान वर करून काहीतरी विचारत होते आणि मला शब्द कळत नव्हता.

"पयल्यात घे आता," मामा म्हणाला, आणि मी क्लचवर पाय ठेवते तोच आवाज झाला.

तो आवाज मी अजून ऐकते. गाडी डावीकडे ओढली गेली, स्टीअरिंग माझ्या हातांतून सुटू बघत होतं. मामानंही दोन्ही हातांनी ते धरलं. "ब्रेक नको, धर, नुसती धर!" कठडा धुक्यातून पांढरा होत जवळ आला. लोखंड रस्त्यावर घासत होतं. मग वेग इतका कमी झाला की त्यानं "आता" म्हटलं आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा कठडा दारापासून दोन हातांवर होता.

मी खाली उतरले आणि रस्त्यातच बसले. मामानं मला उचलून डोंगराच्या बाजूला नेलं. यांना उतरवणं शक्य नव्हतं. धुक्यात, पावसात, त्या उतारावर यांना कुठे ठेवणार? म्हणजे हे आत असतानाच गाडी जॅकवर घ्यायची. मामानं घाटातले दगड आणून तिन्ही चाकांना लावले, मागे झाडाच्या फांद्या टाकल्या. स्टेपनी काढली. मग तो फुटलेल्या चाकासमोर बसला आणि त्याचे हात असे कापू लागले की पाना नटावर बसेना.

"मला नाय जमत," तो म्हणाला. पुटपुटत, स्वतःशीच.

"मी फिरवते. तुम्ही सांगा."

मी पान्यावर उभी राहून नट सैल केले. आतून हे हाक मारत होते. "मामा... आहे?"

"हाय गुरुजी. इथंच हाय."

मिनिटानं पुन्हा तीच हाक, पुन्हा तेच उत्तर. दहा-बारा वेळा असं झालं. त्या उत्तरांबरोबर मामाचा आवाज हळूहळू जागेवर आला, आणि शेवटी जॅक त्यानंच लावला, चाक त्यानंच बदललं. गाडीखाली हात घालताना त्यानं डोळे मिटले होते.

टायर आतल्या अंगानं सालीसारखा सोलला होता. कधीतरी खड्ड्यात मार बसला असणार. दाण्यांनी तो फोडला नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. त्यांनी फक्त मला कळू दिलं नाही. ते दाणे रस्त्यावर सांडून पाण्याबरोबर कठड्याकडे वाहत होते. मामानं थोडे बोटावर उचलले, पाहिले, पँटला बोट पुसलं.

"मी खोटं बोलले तुमच्याशी," मी म्हटलं.

"चला," तो म्हणाला, "गुरुजी भिजतायत. खिडकी उघडी हाय."

पंधरा दिवसांनी मी फाट्यावर गेले तर शेडला कुलूप. मामा मागच्या खाचरात भातातलं तण काढत, बेणणी करत होता. मी बांधावर उभी राहिले. तो जवळ आला, यांची चौकशी केली. दुकानाचं विचारलं तर म्हणाला, "बंद केलं. निघताना चारी चाकांवर हात ठेवला व्हता मी. डाव्या चाकावर पन ठेवला. मला काय कळलं नाय."

"उभ्या चाकाचं कसं कळणार मामा? आणि मी तर..."

"तीस वरसं कळत व्हतं." त्यानं चिखलानं भरलेला तळवा माझ्यासमोर धरला आणि स्वतःच त्याच्याकडे बघत राहिला. "आता कोनाच्या गाडीवर हा हात ठेवून 'जा' म्हनू?"

मी दोनदा, तीनदा सांगितलं, चूक माझी होती, तुमच्यामुळे आम्ही जिवंत आहोत. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. मी यांच्याकडून निरोप आणला होता, पुढच्या खेपेला बरोबर चला म्हणून. "नको," तो म्हणाला. "तुमी जपून जा."

शेड पुन्हा उघडली नाही. आम्ही जात राहिलो. नवे टायर घेतले, वजनं लावली, मशीनवर चाक अर्धं फिरवून तपासायला मी शिकले. थरथर आली की गाडी घाटाच्या अलीकडेच उभी करते, मग नात फोनवर रडू दे की हे रुसू देत. घाट उतरताना मला पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटते, आणि ती कमी व्हावी असं आता वाटत नाही.

मागच्या थंडीत मामा गेला. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी मुरबाडला नेईपर्यंत संपला. मला दहाव्याला कळलं. मी त्याच्या घरी गेले तेव्हा मढची बहीण आली होती. तिनं मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर मात्र माझे दोन्ही हात धरले.

"तुमीच का त्या सिस्टर? दादा सगळ्यांना सांगायचा. घाटात टायर फुटला, पन बाईनं गाडी अशी धरली, अशी धरली, गुरुजींच्या पोटातलं पानी हललं नाय म्हने. मी भ्यालो, माझं हात चालंनात, पन बाई खंबीर, असं बोलायचा."

अंगणात वीस-पंचवीस माणसं बसली होती. सगळी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. कुणीतरी मला बसायला पाट पुढे केला. दाण्यांचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या खोट्याचंही नाही. दुकान का बंद केलं असं लोकांनी विचारलं तेव्हा, वय झालं, एवढंच तो म्हणाला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं, त्याच्या बहिणीला, त्या सगळ्यांसमोर. मी तोंड उघडलंही. पण माझ्या हातात कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला, आणि मी पाणी प्यायले आणि नुसती मान डोलावली. म्हणून आता हे इथं लिहिलं आहे.